टेपाखालची तार

पवनी तालुक्यातल्या आसगावात आसारामबद्दल लोकांना एवढंच माहीत होतं की हा माणूस नागपुरात विमानाच्या कंपनीत होता, आणि ती नोकरी लाथाडून तलावात जाळं टाकायला परत आला. कुणी म्हणे डोकं फिरलं, कुणी म्हणे चोरी केली असेल. तोंड मात्र त्याचं सदा आंबट. चहा प्यायला बोलावलं तर आधी कपाच्या कडेकडे पाहायचा, मग कप देणाऱ्याच्या नखांकडे. त्याच्यासमोर काम करायला कुणालाच बरं वाटत नसे. आपण काहीतरी घाण करून ठेवली आहे आणि ती ह्याला दिसते आहे, असं वाटे.

तो पहिल्यापासून तसा नव्हता. ढिवराच्या घरचं पोर, बाप सोमाजी लवकर गेला, आई गुणाबाई जाळी विणून आणि मासोळ्या विकून घर चालवी. माशांच्या खवल्यांत आणि चिखलात वाढलेल्या माणसाला किळस कशाची येणार? भंडाऱ्याच्या आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकून तो नोकरी शोधत नागपूरला गेला, तेव्हा साल बहात्तर होतं. तिथे एका खाजगी कंपनीची जुनी डकोटा विमानं होती. कधी माल न्यायची, कधी भाड्यानं माणसं. ती कंपनी कधीच बुडाली, नाव आता कुणाच्या लक्षातही नाही.

तिथला इंजिनीअर गोपीचंद साकोलीचा होता. घरचं दुकान, पण हा शिकायला कलकत्त्याला गेला आणि विमानाचं लायसन घेऊन आला. पांढराशुभ्र सदरा, मागे वळवलेले केस, आणि हात असे की पाना धरला तरी कुणी सतार धरावी तसं वाटे. आपल्या जिल्ह्याचं पोरगं म्हणून त्यानं आसारामला आत बोलावलं, मेण लावलेला दोरा दिला आणि तारांचा एक जुडगा बांधून दाखव म्हणाला. आसारामनं आईच्या हाताखाली शिकलेली गाठ मारली. गोपीचंदनं ती ओढून पाहिली, सरकवून पाहिली, ती हलली नाही. दुसऱ्या दिवशी आसाराम कामाला लागला.

पुढची काही वर्षं तो जे काही शिकला, ते गोपीचंदकडून. विमानाच्या पोटात, जमिनीच्या पत्र्याखाली, भिंतींच्या आतून तारांचे जुडगे गेलेले असतात, शेतातल्या पाटांसारखे सगळीकडे पोचणारे. गोपीचंदनं पहिल्याच आठवड्यात एक तार घेतली, पत्र्याच्या भोकात घातली आणि आसारामला पुढेमागे ओढायला लावली. थोड्याच वेळात वरचं वेष्टण कापलं गेलं आणि लाल तांबं दिसू लागलं.

"विमान उभं असते तवा सारं बराबर दिसते," तो म्हणाला. "इंजिन सुरू झालं का सारं हालते. तार तुटली तर बरंच, दिवा लागत नाई, आपल्याले समजते. घासलेली तार काम करत राह्यते. तिच्यापासून भ्यावं."

म्हणून प्रत्येक भोकाच्या काठाला रबराची कडी हवी. जुडगा धरणाऱ्या प्रत्येक क्लँपच्या आत रबराची गादी हवी, आणि ती कडक झाली, तडकली की बदलायची. जुडगा ताणायचा नाही, लोंबकळूही द्यायचा नाही. चाकं खाली-वर करणाऱ्या तेलाच्या पाइपाला तर तारेनं शिवायचंच नाही. पाइप ओलांडावाच लागला तर तार वरून, पाइप खालून, मध्ये मोकळी जागा. कारण तार पाइपावर घासली की दोघंही झिजतात. तांबं उघडं पडतं, पाइपाला ठिणगी लागते, पाइप फुटतो आणि त्याच ठिणगीवर तेलाचा फवारा उडतो. मग आकाशात कुणाला हाक मारणार?

हे सगळं गोपीचंदनं शिकवलं, आणि आसारामनं ते श्रद्धेनं घेतलं. लग्न करून ललिताबाईला नागपूरला आणलं, तेव्हा पहिल्यांदा तिला गोपीचंदच्या पाया पडायला नेलं.

पुढे कंपनीची घडी विस्कटली. मालक मुंबईला बसून फोनवर ओरडे. विमानात काय वाटेल ते भरू लागले. कोंबडीची पिल्लं, टमाटे, बर्फातले मासे, एकदा तर बकऱ्या. पिल्लांची विष्ठा, बकऱ्यांचं मूत, सडक्या टमाट्यांचं पाणी, सगळं फटींतून झिरपून पत्र्याखाली जाई आणि जुडग्यांवर साचे. आसाराम पालथा पडून हात घाली तेव्हा बोटांना लागे तो काळा, चिकट, केसाळ थर. घरी येऊन तो साबणानं कोपरापर्यंत हात धुई, तरी जेवताना वास येई. तरीही तेव्हा त्याला किळस आली ती त्या घाणीचीच. घाण पुसता येते.

सत्त्याहत्तरच्या लग्नसराईत गोंदियाच्या एका बिडीवाल्या शेठनं मुलाची वरात विमानानं इंदूरला न्यायचं ठरवलं. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं, आणि जवळच लढाईच्या काळातली जुनी धावपट्टी होती. डकोटा सकाळी नागपूरहून तिथे उतरली. पायलट, गोपीचंद आणि आसाराम एवढेच आत. उतरताना चाकं खाली आल्याचं दाखवणारा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लागला. पायलटनं ते सांगितलं आणि तो पळसाखाली जाऊन आडवा झाला. वऱ्हाड यायला वेळ होता. आसारामनं पायलटच्या खोलीमागचा पत्रा उघडला.

वास आधी आला. कुजकट, आंबूस, वर जळक्या रबराचा. त्यानं टॉर्च धरला. एक क्लँप सैल होऊन फिरला होता, त्याच्या आतली गादी केव्हाच भुगा होऊन पडली होती, आणि अख्खा जुडगा खाली बसून तेलाच्या पाइपावर टेकला होता. टेकला होता तिथे टेप गुंडाळलेली. टेप उन्हाळ्यात विरघळून काळ्या शेंबडासारखी झालेली, तिच्यात पिल्लांची पिसं चिकटलेली. आसारामनं ती सोलायला घेतली. खाली आणखी टेप निघाली, जुनी. तिच्याखाली आणखी एक थर. जखमेवरची पट्टी न बदलता तिच्यावर पट्टी बांधत जावी, तसं. अगदी आत तारेचं वेष्टण सपाट झिजलं होतं, तांबं हिरवट पडलं होतं, आणि पाइपावर नखाएवढी चकचकीत जागा झाली होती.

एवढ्यानं त्याला धक्का बसला नसता. कुठल्यातरी आळशी हेल्परनं केलं असेल, असं म्हणून तो कामाला लागला असता. पण हातातल्या वरच्या थराकडे त्याचं लक्ष गेलं. टेपाचं टोक आत दुमडलेलं होतं आणि दोन्ही बाजूंना मेणाच्या दोऱ्याच्या सुबक गाठी होत्या. सबंध कंपनीत टेपाचं टोक असं दुमडणारा एकच माणूस होता. त्यानं खालचा थर पाहिला. तिथेही तेच.

गोपीचंद मागे येऊन उकिडवा बसला होता. त्यानं आत पाहिलं, आसारामच्या हातातल्या टेपाकडे पाहिलं.

मग म्हणाला, की नवे क्लँप मागून वर्ष होत आलं, मालक पाठवत नाही. तार बदलायची तर विमान दोन दिवस उभं राहील, आणि दोन दिवस उभं राहिलं तर कंपनी राहणार नाही. आता टेप मार, नागपूरला गेल्यावर पाहू. आसारामनं विचारलं की निदान गादीपुरतं रबर तरी कुठून आणायचं. गोपीचंद म्हणाला, गावातून सायकलची ट्यूब आण आणि काप.

सायकलची ट्यूब तेलात विरघळते, हे आसारामला गोपीचंदनंच शिकवलं होतं. आता तोच माणूस ती आण म्हणत होता. आसाराम उठला, पंखाखाली जाऊन ओकला. सकाळचा चहा पडला, मग नुसतं पाणी. आजूबाजूची घाण इतकी वर्षं हुंगूनही तो कधी ओकला नव्हता.

परत येऊन तो म्हणाला, "मी हा पत्रा असा बंद नाई करत, भाऊ."

गोपीचंदनं त्याला बाजूला केलं. पांढऱ्या सदऱ्यानिशी तो त्या घाणीत आडवा झाला आणि टेप गुंडाळू लागला. हात तसेच, सावकाश, नेटके. त्या सडक्या जागेवर त्यानं इतकं देखणं काम केलं की आसारामला तिकडे पाहवेना. टोक दुमडलं, गाठी मारल्या, पत्रा बसवला आणि हात पुसले.

तेवढ्यात वरात आली. जीपगाड्या, बँड, अत्तर, हारांचा वास. शेठचा मुनीम भैय्याजी सगळ्यांना रांगेत उभं करत होता. आसाराम सरळ त्याच्याकडे गेला आणि म्हणाला की हे विमान आज नेऊ नका, आतली तार तेलाच्या पाइपावर घासली आहे. भैय्याजीनं त्याच्या काळ्या हातांकडे आणि ओकारीनं ओल्या झालेल्या सदऱ्याकडे पाहिलं, मग गोपीचंदला हाक मारून विचारलं. गोपीचंद शांतपणे म्हणाला, "किरकोळ होतं. केलं दुरुस्त. मी सोबत बसूनच राहिलो ना." भैय्याजी हसला. इंजिनीअर स्वतः बसतो आहे, मग काय पाहिजे?

बायका, पोरं, डबे, टोपल्या, सगळं आत गेलं. एक म्हातारी शिडीपाशी अडली. तिनं आसारामच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "वर चढव रे बाप्पा." आसारामनं तिला हात दिला आणि वर चढवलं. आपण काय करतो आहोत ते ती आत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो खालीच राहिला. शिडी ओढली, दार लागलं, धूळ उडाली, विमान वर गेलं. ते दिसेनासं होईपर्यंत तो उभा होता, आणि तोंडातली आंबट चव जात नव्हती.

विमान इंदूरला उतरलं. वऱ्हाड जेवलं, लग्न लागलं, सगळे सुखरूप परत आले. आसारामला नोकरीवरून काढायची गरजच पडली नाही, तो कामावर परत गेलाच नाही. ललिताबाईला आणि पोरीला, जिजाला, घेऊन तो आसगावला आला, आणि चुलतभावांबरोबर तलावावर जाऊ लागला.

गावानं कारण विचारलं, त्यानं एकदा सांगितलं. मग रोज कुणी ना कुणी विचारू लागलं, "काहून आसाराम, पडलं का नाई तुह्यं विमान?" महिने गेले. विमान उडत होतं. कधीकधी दुपारी नागपूरकडून रायपूरकडे जाताना ते आवाजावरून ओळखू येई. आसारामनं ट्रान्झिस्टर घेतला होता. सकाळच्या बातम्या, दुपारच्या बातम्या, संध्याकाळच्या बातम्या, एकही चुकवेना. जाळं अर्धवट टाकून बातम्यांना घरी येई. कान लावून ऐके आणि बातम्या संपल्या की चिडून बटण पिरगाळे.

एके संध्याकाळी ललिताबाई चुलीपाशी मासोळ्या साफ करत होती. बातम्या संपल्या. आसारामनं बटण पिरगाळलं आणि ट्रान्झिस्टर आपटून ठेवला.

ती मान न वळवता म्हणाली, "विमान पडाची वाट पाहून राहिले का तुमी?"

तो तिच्यावर खेकसणार होता. तोंड उघडलंही. पण ते खरं होतं. इतके दिवस तो त्या बातमीची वाट पाहत होता. त्या बातमीत माणसं होती, पोरं होती, कुणाचीतरी म्हातारी आई होती, आणि ती मेली की गाव गप्प बसेल, गोपीचंदचं तोंड काळं होईल, म्हणून तो कान लावून बसत होता. त्याला स्वतःची अशी शिसारी आली की तो तलावावर गेला आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहिला. गोपीचंदनं टेप मारली होती ती विमान उडावं म्हणून. आसारामनं काय केलं होतं? हात स्वच्छ ठेवले होते आणि बसला होता.

दोन-चार दिवस त्यानं ट्रान्झिस्टर लावला नाही. तक्रार केली तर गोपीचंद संपणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यानं ती केली नव्हती. ज्यानं हात धरून वर आणलं त्याचं लायसन आपल्या तोंडानं घालवायचं, हे त्याला जमत नव्हतं. माणसं मरावी हे मात्र जमत होतं. ललिताबाईला त्यानं एवढंच सांगितलं की नागपूरला जाऊन येतो. तिनं भाकरी बांधून दिली.

विमानांची तपासणी करणारा सरकारी अधिकारी अधूनमधून नागपूरला येई. आसारामनं त्याला विमानतळावर गाठलं आणि कुठला पत्रा, कुठला क्लँप, टेपाचे किती थर, सगळं सांगितलं. टेप कुणी मारली तेही सांगितलं. अधिकाऱ्यानं सगळं लिहून घेतलं. शेवटी म्हणाला, हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?

तपासणी झाली. आसारामला ती नंतर धनीरामकडून कळली. धनीराम त्याच कंपनीत हेल्पर होता, घरी चार पोरं. पत्रा उघडला तेव्हा जुडगा तसाच पाइपावर बसलेला होता, टेपाचा आणखी एक थर चढलेला. बाकीच्या विमानांतही अशाच जागा सापडल्या. सगळी विमानं उभी केली. मालकानं दुरुस्ती करण्याऐवजी कंपनीच बंद केली आणि हात झटकले. गोपीचंदचं लायसन काढून घेतलं. फोरमनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे घरी बसले.

हे सगळं सांगायला धनीराम मुद्दाम आसगावला आला होता. ओट्यावर बसून त्यानं एकेकाचं नाव घेतलं, कोण आता काय करतो ते सांगितलं. आवाज चढवला नाही. ललिताबाईनं पाणी आणून दिलं. त्यानं लोटा हातात घेतला, सांगून झाल्यावर उभा राहिला, आणि ते पाणी न पिता आसारामच्या उंबऱ्यावर ओतून चालता झाला.

गावातही वारं फिरलं. आधी वेडा म्हणत होते, आता खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणू लागले. विमान पडलं असतं तर आसाराम शहाणा ठरला असता. ते पडलं नाही, म्हणून त्यानं चांगल्या माणसाच्या तोंडची भाकर काढली एवढंच उरलं. कुणाला समजावायला जावं असं त्याला वाटेना. समजावून सांगणाऱ्या माणसाच्या आवाजात जो गूळ येतो, त्याचीही त्याला घाण येऊ लागली होती.

ऐंशीच्या पुढे एकदा त्याला साकोलीला जावं लागलं. तिथल्या बाजारात नायलॉनचा दोरा चांगला मिळे. हमरस्त्यावरून आत वळल्यावर गोपीचंदचं दुकान लागलं. टाळता आलं असतं. तो आत गेला.

गोपीचंद गल्ल्यामागे बसला होता. केस पांढरे झाले होते, सदरा मळका होता. त्यानं आसारामला पाहिलं आणि समोरच्या गिऱ्हाईकाला आधी तेल मोजून दिलं. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "बस."

आसाराम बसला नाही.

"त्या तपासणीच्या साहेबानं मले पाइप दाखवला," गोपीचंद म्हणाला. "कापून काढला होता. बोटानं दाबला तर दबला. आणखी पाच-सात फेऱ्या चालला असता, फार तर. तू केलं ते बराबर केलं. मले कोनी विचारलं तर मी हेच सांगतो."

आसारामला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. पण गोपीचंदचं संपलं नव्हतं.

"पन तुह्यं तोंड पाह्यलं का मले मळमळते, आसाराम. अजूनबी. त्याले इलाज नाई."

दुकानात माश्या गुळाच्या ढेपेवर घोंगावत होत्या. आसारामनं त्या हातानं हाकलल्या.

"मलेबी तसंच होते, भाऊ," तो म्हणाला. "तुमचे हात आठवले का."

गोपीचंदनं मान हलवली, जणू भाव पटला. दोघांत ह्याहून खरं बोलणं कधी झालं नव्हतं. नंतर आसाराम दोरा घेऊन बसस्टँडवर गेला, आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नाही.

आंधळगावच्या भैय्यालालच्या धानाच्या गिरणीत त्याला पुढे वायरमनचं काम मिळालं. काम चोख, पण कुणाचं पटेना. मोटारीची तार पत्र्याच्या भोकातून नुसती ओढलेली दिसली की तो गिरणी बंद करायला लावी, भोकाला रबर बसवी, मगच बटण दाबू देई. भैय्यालाल चिडे, मजूर हसत. तो थुंकून आपल्या कामाला लागे. माणसांचा वीट आला तो कायमचाच. आपण त्यांच्याहून वेगळे आहोत, असं मात्र त्याला पुन्हा कधी वाटलं नाही.

पंच्याऐंशीच्या सुमारास भंडाऱ्याच्या बसमध्ये त्याच्या शेजारी गोपीचंदची बायको शकुनबाई येऊन बसली. तिनं त्याला ओळखलं, तरी उठली नाही. बराच रस्ता गेल्यावर स्वतःहून म्हणाली की ते आता हैदराबादला असतात, विमानाचं काम शिकवायच्या शाळेत. लायसन नाही, पण शिकवायला ठेवलं आहे. वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात म्हणे, की मी तेलाच्या पाइपावरच्या तारेला तीनदा टेप मारली आणि वरात वर नेली. पोरांना आधी वाटतं थट्टा करतात.

"तुमचं नाव नाई घेत," ती म्हणाली.

"नोको घेऊ म्हना," आसाराम म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं ललिताबाईला हे सांगितलं. ती दळण निवडत होती. तिनं विचारलं, मग बरं वाटलं का? त्यानं विचार केला. बरं वाटलं असं नव्हतं. त्या पत्र्याखालचा वास अजून तसाच नाकात होता, आणि शाळेत शिकलेली पोरं उद्या कुणा मालकाच्या हाताखाली काय करतील, ते कोण सांगणार?

"ओकारी नाई आली," तो म्हणाला.

एवढंही पुष्कळ होतं, असं ललिताबाईला वाटलं असावं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि त्याचं ताट वाढायला घेतलं.